डाव्या कानाला विचारलेला प्रश्न

दिवाकर, भिंतीवर लावायला तुझा एखादा बरा फोटो शोधून द्या म्हणून वहिनींनी तुझा फोन माझ्या हातात दिला. तुला पोचवून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ होती. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर माणसं बसली होती. फोटो मला लगेच सापडला. तुझ्या मयूरला पदवी मिळाली त्या दिवशीचा, निळ्या शर्टातला, मान थोडी उजवीकडं वळवलेली. तेव्हाच फोन परत द्यायला हवा होता. मी भिंतीकडं तोंड करून बसलो आणि कथांचं अ‍ॅप उघडलं. मला बघायचं होतं, जास्वंद म्हणजे तू होतास का.

तुला खांदा देताना रडलो होतो, ते खोटं नव्हतं. पण रडता रडताही डोक्याच्या एका कोपऱ्यात हाच विचार होता की आता याचा फोन कोणाकडं असेल.

दर रविवारी 'खाऱ्या तळ्याखाली'चा भाग वाचायला जे इथं येतात त्यांना आज भागाच्या जागी हे दिसेल. त्यांनी वाचावं. तुझ्याबद्दल जे काही मी मनात धरलं, त्यात मी त्यांनाही ओढलं होतं.

त्यांना एवढं ठाऊक आहे की मी नांदुऱ्यात खत-बियाण्यांचं दुकान चालवतो आणि गिऱ्हाईक नसलं की काउंटरवर बसून अंगठ्यानं कथा टाइप करतो. मी मूळचा लोणारजवळच्या सुलतानपूरचा, म्हणून तळं लोणारसारखं, हेही त्यांनी कधीच ओळखलंय. पण प्रत्येक भाग रविवारी अ‍ॅपवर जाण्याआधी गुरुवारी संध्याकाळी रेल्वे स्टेशनच्या बाकावर वाचला जायचा, हे त्यांना माहीत नाही. पाण्याच्या नळापलीकडचा तो शेवटचा बाक. तू कापसाच्या जिनिंगमधल्या फिटरच्या कामावरून सुटून हातपाय धुऊन यायचास, मी दुकान मुलावर सोडून यायचो. तू डाव्या टोकाला बसायचास, मी तुझ्या उजवीकडं. तुझा डावा कान जिनिंगच्या मशिनींनी केव्हाच खाल्ला होता आणि उजवाही फार शहाणा राहिला नव्हता. त्यामुळं मला मोठ्यानं वाचावं लागायचं. राणीचा आवाज वेगळा, सेनापतीचा वेगळा, बुडालेल्यांचं गाणं तर मी चक्क गायचो. मालगाडी आली की थांबायचो. शेवटचा डबा गेला की तू म्हणायचास, "हं, राणी दरवाज्यात उभी होती. चाल."

आणि भाग कुठं संपवायचा ते तू ठरवायचास. मी आपला वाचत जायचो आणि तू मांडीवर थाप मारून म्हणायचास, "बस. इथं तोड." मी म्हणायचो, अरे, अजून दीड पान आहे. "ते पुढच्या खेपेले. आता लोकं आठ दिवस झोपत नाहीत, पाह्य." उरलेलं मी तुला तिथंच वाचून दाखवायचो, लोकांना ते पुढच्या रविवारी. आणि खरंच, भाग पडला की खाली कमेंटांची रांग लागायची. लेखक काका, असं कुठं थांबतात का? लेखक काका, तुम्हाला दया नाही. ती सगळी दादही तुझीच होती. मी ती कधी तुझ्याकडं पोचवली नाही.

बुधा नावाडी तुझ्यावरून केला, हे मी सांगायच्या आत तू ओळखलंस. खारं तळं ओलांडताना बुडालेल्यांचं गाणं ऐकू येतं आणि माणूस पाण्यात उडी घेतो. बुधाचा डावा कान मेलेला आहे. तो गाण्याकडं डावी बाजू करून बसतो आणि वल्हवत राहतो, म्हणून सगळ्या राज्यात पार नेणारा तो एकटाच. हा भाग वाचला तेव्हा तू डावा कान चोळत बसलास. मग म्हणालास, "माहा कान चोरला का बे तू?"

"राग आला काय?"

"राग कायचा. बहिऱ्याले पहिल्यांदा कोणी कामाले लावलं. पण एक सांगतो, त्याले पगारवाढ दे."

त्याआधी एकदा तू खरंच रागावला होतास. मेलेल्या सेनापतीला मी एका मुळीनं जिवंत केलं, तेव्हा तू मधेच उठून नळावर गेलास आणि तिथूनच ओरडलास, "मेलं ते मेलं बे! परत आणशीन तं पुढचा कोणी मेला तं मी कायले रडू?" बाकावरची दोन माणसं उठून गेली. मी तुला दाबत होतो, अरे हळू. तुला हळू बोलता यायचंच नाही. स्वतःचा आवाज किती मोठा आहे ते तुला कळत नव्हतं. आज हे लिहिताना माझ्या लक्षात येतंय की जास्वंद कोण याचं उत्तर त्याच दिवशी माझ्यासमोर होतं. मी त्याला तुझं वेड म्हणून हसलो.

मग जास्वंद आली. आडनाव नाही, स्वतःचा फोटो नाही, त्या जागी लाल फूल. भाग टाकला की काही मिनिटांत तिची कमेंट पडायची आणि तिच्यात पुढं काय होणार ते असायचं. राणी दार उघडणार नाही. मीठ वितळणार नाही, उलट वाढेल. दर वेळी बरोबर. वाचकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, 'तळ्याकाठची मंडळी', त्यात पुण्यापासून चिखलीपर्यंतची माणसं. ती आता माझ्या भागापेक्षा जास्वंदच्या कमेंटची वाट बघू लागली. कोणी लिहिलं, लेखक काकांचा अंदाज सहज येतो बुवा आताशा. ते वाचून मी त्या दिवशी जेवलो नाही. हसशील तू. वयाची पन्नाशी गाठलेला माणूस, दुकानात युरियासाठी लोक थांबलेत, आणि हा एका फुलावर जळतोय.

पुढचे भाग या जगात दोघांनाच माहीत असायचे. मला आणि तुला.

तरीही मी तुझ्यावर एकदम गेलो नाही, हे माझ्या बाजूनं सांगतो. पण जास्वंद नुसतं पुढचं सांगून थांबायची नाही, टीकाही करायची, आणि ती टीका तुझी असायची. गुरुवारी तू म्हणालास, "लढाई लय पसरली बे, लोकं थकतीन." रविवारी जास्वंदनं लिहिलं, 'लढाई फार पसरली आहे, वाचणारा थकतो.' तू म्हणालास, राणी रडते तेव्हा तिच्या हाताले काहीतरी काम दे. तिनं लिहिलं, राणीचे हात मोकळे का आहेत? मला वाटलं, हा समोर बसून सांगतो ते सांगतो, वर चारचौघांत नाव लपवून माझी पूजा बांधतो. काऊन? तुला काय कमी पडलं होतं? मग मी कारणंही शोधली. बुधा तुझा कान घेऊन गाजला आणि तुझं नाव कुठं नाही. कमेंटांत लोक मला लेखक काका म्हणतात, तुला कोणी ओळखत नाही. संशयाला कारण पुरवायला मी स्वतःच बसलो होतो, आणि कथा रचायची मला सवय.

गुरुवारी तू उशिरा आलास तर मला वाटायचं, लिहीत बसला असेल. फोन खिशात घातलास तर वाटायचं, लपवला. "काऊन बे, आज आवाज बसला काय तुझा?" असं तू विचारलंस तेव्हा मी घसा दुखतो म्हणालो. खरं तर मी तुझे अंगठे बघत होतो. टाइप करणाऱ्याचे अंगठे वेगळे दिसतात का, हे बघत होतो. काळ्या ग्रीसच्या रेघा होत्या त्यांच्यावर.

मग मी सापळा लावला. एक खोटा भाग लिहिला. त्यात राणी ही बुधाची हरवलेली बहीण निघते. असलं काही मी कधीच लिहिणार नव्हतो. गुरुवारी बाकावर सगळे आवाज काढून तो तुला वाचून दाखवला, गाण्यासकट. तू मान हलवलीस.

"नाही जमलं. मधातच बहीण कुठून आणली? बुधाले कोणी नाही, तेच त्याचं चांगलं आहे."

"मी ठेवणार आहे ते."

"ठेव बापा, लेखकराव. पण मले वाईट वाटीन."

रविवारी मी भलताच, जुना, पडून राहिलेला एक भाग टाकला. त्याखाली जास्वंदची कमेंट पडली. 'मला वाटतं राणी बुधाची बहीण निघणार. निघाली तर वाईट वाटेल. त्याला कोणी नाही तेच चांगलं.'

आता सांग, दिवाकर, माझ्या जागी कोणी काय समजलं असतं?

मी तुला विचारायला हवं होतं. त्याऐवजी पुढचा भाग तुला वाचून न दाखवता टाकला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्यात बुधा मेला. राणीचा सैनिक त्याच्या उजव्या कानात वितळलेलं मीठ ओततो, बुधा पूर्ण बहिरा होतो, तरी शेवटची खेप पार नेतो आणि काठावर आडवा होतो. मी तो एका बैठकीत लिहिला आणि रडत लिहिला. पण लिहायला बसलो होतो तुला मारायला. हे मला वाचकांसमोर कबूल करायचं आहे, कारण त्या भागाला त्यांनी सगळ्यात जास्त दाद दिली. कोणी फुलं वाहिली, कोणी मला शिव्या दिल्या, ग्रुपवर एकीनं दिवा लावल्याचा फोटो टाकला. जास्वंद त्या रविवारी गप्प होती. मला वाटलं, लागलं बरोबर.

त्यानंतरच्या गुरुवारी मी स्टेशनवर गेलो नाही.

मग बाजारात तू भेटलास. आपली शेवटची भेट. भाजीच्या गाड्याजवळ तू वांगी निवडत होतास. मी मागून आलो आणि समजून उमजून तुझ्या डाव्या बाजूला उभा राहिलो. आणि नेहमीच्या आवाजात, अगदी शांतपणे विचारलं, "जास्वंद तूच ना, दिवाकर?" मला विचारल्याचं समाधान हवं होतं. उत्तर नको होतं. तू वांगी पिशवीत टाकलीस, वळलास, मला पाहिलंस आणि म्हणालास, "अबे, केव्हाचा उभा आहेस? गुरुवारी ये. बोलायचं आहे." मी हो म्हटलं. मग गुरुवार यायच्या आत, सकाळी जिनिंगला निघताना, बूट घालता घालता तू ओट्यावर बसलास तो उठलाच नाहीस.

तुझ्या फोनवर मला काय सापडलं ते आता सांगतो. अ‍ॅपवर तुझं खातं होतं, तुझ्याच नावानं, तुझ्याच फोटोसह. माझ्या प्रत्येक भागाखाली तुझी एकच कमेंट होती. 'छान.' बाकावर तासभर भांडून घरी जायचास आणि तिथं लिहायचास, छान. बुधाच्या मरणाच्या भागाखालीही तेच. दुसरं खातं नव्हतं. मी मेल तपासले, जुन्या खुणा तपासल्या. वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा म्हटलं, दोनतीन फोटो अजून बघतो. काही सापडलं नाही, आणि मला वाटलं, फिटर माणूस आहे, पुर्जा काढला तर जागेवर डागही ठेवणार नाही.

वहिनी माझ्यासमोर बसल्या. "भाऊजी, तुमचं काही बिनसलं होतं काय? हे म्हणत होते, गजा आला नाही गुरुवारी."

"नाही वहिनी. दुकानात गर्दी होती."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला तेव्हा त्यांच्यावरही संशय आला. त्यांना ठाऊक आहे, असं वाटलं.

तेरवीच्या पंगतीत मी जेवत असताना खिशातला फोन थरथरला. डाव्या हातानं काढून पाहिलं. जास्वंद. 'बरेच दिवस भाग नाही. गुरुवारीही दिसला नाहीत. सगळं ठीक आहे ना, काका?'

घास हातातच राहिला. तू नव्हतास हे कळायला तेवढं पुरे होतं. पण माझं मन बघ. सुटल्यासारखं वाटायच्या आधी ते 'गुरुवारी'वर अडकलं. भाग रविवारी येतात. गुरुवार फक्त आपल्या दोघांचा. मी मान वर केली तर समोर मयूर हातात वरणाची बादली घेऊन उभा, आणि त्याच्या शर्टाच्या खिशात फोन.

"काका, वरण वाढू?"

"तू गोष्टी वाचतोस काय रे, फोनवर?"

"मी? नाही काका. बाबा वाचायचे." तो तसाच उभा राहिला. मग त्यानं मला वरण वाढलं आणि पुढं गेला. बाप जाऊन तेरा दिवस झालेल्या पोराची मी पंगतीत झडती घेत होतो.

गुरुवारी मी स्टेशनवर गेलो. का गेलो ते नीट सांगता येत नाही. वाचायला काही नव्हतं. नळापलीकडच्या बाकावर तुझी जागा सोडून बसलो. बाकाच्या मागं, त्याला पाठ लावून, दुसरा बाक आहे. इतकी वर्षं तो तिथं आहे. त्यावर नेहमी कोणी ना कोणी बसलेलं असतं, आणि मी त्यांच्याकडं कधी पाहिलं नाही, कारण मी वाचत असायचो.

"काका, आले तुम्ही?"

चाळिशीतल्या बाई. खांद्याला पर्स, हातात डबा. म्हणाल्या, मी मलकापूरची, इथं दवाखान्यात काम करते, रोज अप-डाऊन करते. संध्याकाळच्या गाडीसाठी त्या त्याच बाकावर बसत. मी विचारलं, "जास्वंद?" त्या लाजल्या. म्हणाल्या, "दारात जास्वंद आहे आमच्या. तेच नाव टाकलं."

"तुम्ही माझे भाग आधीच फोडत होतात."

"फोडत?" त्या खरंच दचकल्या. "अहो, तुम्ही एवढ्या मोठ्यानं वाचत होते. गाणं पण म्हणत होते. मले वाटलं, आम्ही ऐकावं म्हणूनच वाचता. गाडीत आमच्या डब्यातल्या सगळ्या बायांना पुढची गोष्ट माहीत असते. आणि ते दुसरे काका सांगायचे ना, हे जमलं, हे नाही जमलं, ते मले फार पटायचं. तेच लिहायची मी. तुम्ही त्यांचं ऐकत नव्हते."

तेव्हा मला कळलं की ती टीका तुझीच होती. मला एवढंच बरोबर ओळखता आलं होतं. तू माझ्या शेजारी बसून सगळ्या प्लॅटफॉर्मला ऐकू जाईल असं जे बोलायचास, ते एक बाई मन लावून ऐकत होती आणि रविवारी मला परत आणून देत होती. मी ते चोरी म्हणून धरलं.

मग त्यांनी विचारलं, "ते काका कुठं आहेत?"

मी सांगितलं. त्या डबा मांडीवर ठेवून बसून राहिल्या. गाडीची घोषणा झाली तरी उठल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुम्ही आला नाहीत त्या गुरुवारी ते एकटेच बसून होते. माझ्याशी बोलले. बुधा मेला, वाचलं काय, म्हणाले. मी म्हटलं, रडले मी. तर म्हणे, 'मीही. मरण चांगलं लिहिलं त्यानं. फक्त थोडी घाई केली.'"

ग्रुपवर अजून रोज कोणीतरी लिहितं, बुधाला परत आणा. तळं आहे, मुळी आहे, एवढी जादू आहे. मी त्यांना उत्तर दिलेलं नाही. आज देतो. परत आणता येणार नाही. तसा नियम आहे आणि तो दिवाकरनं नळावर उभं राहून ओरडून सांगितलेला आहे. नाव काठाला आहे, वल्हं आत आहे, आणि गाणं ऐकू येतंय. पार जाणाऱ्यांनी आता काय करायचं, ते मला अजून माहीत नाही.

एक संशय मात्र शिल्लक आहे, दिवाकर, आणि तो आता उलटा फिरलाय. त्या दिवशी भाजीच्या गाड्याजवळ तुला ऐकू गेलं होतं का? तुझ्या डाव्या कानात कधीमधी काहीतरी शिरायचं, तूच सांगायचास. दाराची कडी, कुकरची शिट्टी. तू वळलास तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर नेहमीचं हसू होतं की नव्हतं, हे मला आठवत नाही. किती तपासलं, आठवत नाही. "बोलायचं आहे" म्हणालास. काय बोलायचं होतं? घाई केलीस एवढंच? की दुसरं?

काल गुरुवार होता. मी परत गेलो आणि या वेळी नीट, तुझ्या उजव्या बाजूला बसलो. मागच्या बाकावर त्या बाई होत्या, त्यांच्या डब्यातल्या आणखी दोघी होत्या. मालगाडी जात होती. शेवटचा डबा जाईपर्यंत थांबलो. मग रिकाम्या जागेकडं तोंड करून, राणीसाठी लावायचो तेवढा आवाज लावून म्हणालो, "दिवाकर, तो तू नव्हतास. मी तुझ्यावर संशय घेतला. माझं चुकलं."

नळावरचा माणूस थांबून बघायला लागला. मागचं बोलणं बंद पडलं. सगळ्या प्लॅटफॉर्मला ऐकू गेलं.